ताटातली भाकरी कशी गेली?

मंडळी, ज्वारीची भाकरी चवीला कमी पडली म्हणून ताटातनं गेली नाही. ती धोरणामुळं गेली.

१९६५ ला अन्न महामंडळ उभं राहिलं. हमीभाव पुढं ज्वारीलाही जाहीर व्हायला लागला, पण सरकारी खरेदीचा जोर गहू-तांदळावरच राहिला. जे गोदामात गेलं तेच रेशनवर आलं. १९७२ च्या दुष्काळात तर ज्वारीच्या मुलखानं परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली. जुनी माणसं अजून तिची चव सांगतात.

संकरित वाणांनी खरिपाचा उतारा वाढवला, पण काढणीला पाऊस लागला की दाणा काळा, अन् भाव पडलेला.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये अन् भरडधान्य १ रुपया किलो असा दर ठरला होता. तेव्हा कागदावर ज्वारी सगळ्यात स्वस्त होती, दुकानात बहुतेक ठिकाणी गहू-तांदूळच.

२०२३ ला भरडधान्य वर्ष झालं, 'श्रीअन्न' हे नावही मिळालं. पण मालदांडी कमी पाण्यात दाणा देते, वर जनावराला कडबा देते. तिला नावापेक्षा वेळेवर उघडणारं खरेदी केंद्र पाहिजे. केंद्राची खरेदी वाढली तरच ज्वारी रेशनवर येईल, अन् रेशनवर आली तरच भाकरी ताटात.

तुमच्या तालुक्यात काय स्थिती आहे?