२४ ऑक्टोबर : डॉ. डोनाल्ड सेल्डिन यांचा जन्म (१९२०)

मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. सेल्डिन मूळचे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचे. येल विद्यापीठ सोडून १९५१ मध्ये ते डलासला आले, तेव्हा तिथले वैद्यकीय महाविद्यालय चक्क लष्करी बराकींत भरत होते. सहकारी एकेक करून निघून गेले. सेल्डिन राहिले आणि १९५२ ते १९८८ अशी ३६ वर्षे मेडिसिन विभागाचे प्रमुख होते. हुशार विद्यार्थी हेरायचा, त्याला शिकायला बाहेर पाठवायचे आणि परतल्यावर त्याच्यासाठी जागा तयार ठेवायची, ही त्यांची रीत. जोसेफ गोल्डस्टीन यांना त्यांनी असेच जनुकशास्त्राकडे वळवले. गोल्डस्टीन यांना मायकेल ब्राऊन यांच्यासह कोलेस्टेरॉलवरील संशोधनासाठी १९८५ चे नोबेल मिळाले. गुरूचे नाव मात्र डॉक्टरी वर्तुळाबाहेर फारसे पोहोचले नाही. २५ एप्रिल २०१८ रोजी सेल्डिन यांचे निधन झाले.