आठवा सर्व्हर

2003. नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाल कंपनीनं 'पॉवर पेग' नावाची सुविधा वापरातून काढली. कोड मात्र सर्व्हरवर तसाच राहिला. त्याचा कुणाला त्रास नव्हता.

2005. मागितलेले शेअर्स पुरे झाले की खरेदी-विक्री थांबवायची, ती मोजणी करणारा भाग प्रोग्रॅममध्ये दुसरीकडे हलवला. पॉवर पेग त्यानंतर तपासलं गेलं नाही. बंद केलेली गोष्ट तपासतं कोण? टाकी भरल्याचं मोटारीला आता कळणार नव्हतं.

27 जुलै 2012 पासून पुढं. न्यूयॉर्क शेअर बाजाराची किरकोळ गुंतवणूकदारांसाठीची नवी योजना 1 ऑगस्टला सुरू होणार होती. त्यासाठीचा नवा कोड आठ सर्व्हरवर टप्प्याटप्प्यानं चढवायचा होता. तो चालू करायला वेगळा फ्लॅग, म्हणजे चालू-बंदची खूण, न घेता पॉवर पेगचाच जुना फ्लॅग घेतला. सात सर्व्हरवर कोड गेला. आठव्यावर टाकायचा राहिला. दुसऱ्या माणसानं ताडून बघावं, असा लेखी नियम नव्हता. माझ्या मते सगळं इथंच ठरून गेलं.

1 ऑगस्ट, भारतात संध्याकाळचे 5:31. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे 8:01. कंपनीच्या यंत्रणेतून आपोआप ईमेल निघू लागले. त्रुटी स्पष्ट लिहिलेली: 'पॉवर पेग डिसेबल्ड'. बाजार उघडेपर्यंत असे 97 ईमेल गेले. ते इशारा म्हणून बनवलेले नव्हते आणि आल्या आल्या ते वाचायची पद्धतही नव्हती.

भारतात 7:00. तिकडं बाजार उघडला. नव्या योजनेच्या ऑर्डरी आठव्या सर्व्हरवर पोहोचल्या. तिथं त्या फ्लॅगचा अर्थ अजून जुनाच होता. एकेका ऑर्डरीमागं हजारो ऑर्डरी बाजारात जाऊ लागल्या.

साडेसातच्या सुमारास पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर त्या संध्याकाळच्या साखळी स्फोटांतला पहिला स्फोट झाला. लातूर-नांदेडच्या ज्या घरांतली मुलं पुण्यात शिकत होती, तिथं फोनाफोनी सुरू झाली. वॉल स्ट्रीटकडं इथं कुणाचं लक्ष असायचं कारण नव्हतं.

तिकडं नाइटची माणसं चूक शोधत होती. गडबड नव्या कोडमुळंच, असं धरून त्यांनी तो काढून टाकला. पण काढला तो नीट चढवलेल्या सात सर्व्हरवरून. आता तिथंही खाली उरला जुना कोड. एका सर्व्हरवर चाललेलं आठही सर्व्हरवर सुरू झालं.

7:45. थांबलं. ग्राहकांच्या मूळ ऑर्डरी 212. झालेले सौदे 40 लाखांवर, 154 कंपन्यांचे, 39.7 कोटी शेअर्सचे. सुमारे 350 कोटी डॉलरची नको असलेली खरेदी आणि 315 कोटींची हातात नसलेल्या शेअर्सची विक्री कंपनीच्या गळ्यात पडली. ती निस्तरताना 46 कोटी डॉलर गेले.

6 ऑगस्टला बाहेरच्या गुंतवणूकदारांनी 40 कोटी डॉलर ओतले. जुलै 2013 मध्ये नाइटचं गेटको कंपनीशी विलीनीकरण झालं. ऑक्टोबरमध्ये एसईसी या तिथल्या नियामक संस्थेनं 1.2 कोटी डॉलर दंड केला.