कोरीगडाची पायवाट

कोरीगडाची पायवाट ही पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील पेठ शहापूर या गावातून कोरीगड किल्ल्यावर जाणारी गिरिभ्रमणाची वाट आहे. कोरीगड हा कोराईगड या नावानेही ओळखला जातो. लोणावळ्यापासून दक्षिणेस सुमारे २० ते २५ किलोमीटरवर असलेला हा किल्ला मुळशीच्या पश्चिमेकडील कोरबारसे मावळात मोडतो. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ९२० मीटर आहे. मात्र पायथ्याचे गाव मुळातच उंचावर वसलेले असल्याने प्रत्यक्ष चढाई थोडीच उरते. साधारण प्रकृतीचा मनुष्य पाऊण ते एक तासात माथ्यावर पोहोचतो. या कारणाने सह्याद्रीत प्रथमच पाऊल टाकणाऱ्यांना आणि शालेय सहलींना ही वाट विशेष सोयीची मानली जाते.

मार्ग

लोणावळ्याहून भुशी धरण आणि घुसळखांब ओलांडून आंबवणे-भांबुर्डेकडे जाणारा रस्ता पेठ शहापूरला पोहोचतो. पुण्याहून येणाऱ्यास पौड आणि मुळशी जलाशयाच्या काठाने भांबुर्डेमार्गेही येता येते; हा मार्ग लांबचा, परंतु अधिक रमणीय आहे. गावाच्या नावातील ‘पेठ’ हा शब्द बाजारपेठेचा वाचक आहे. घाटमाथ्याच्या या पट्ट्यातून सवाष्णी घाटासारख्या वाटा कोकणात उतरत आणि त्यांवर लक्ष ठेवण्याचे काम कोरीगड, घनगड यांसारखे किल्ले करीत.

गावापासून आरंभीची वाट झाडीतून जवळजवळ सपाट जाते. वाटेच्या कडेला करवंदीच्या जाळ्या आणि कारवीची झुडपे आहेत. पुढे डोंगराच्या कुशीत दगडी पायऱ्या सुरू होतात आणि त्या थेट दरवाजापर्यंत साथ देतात. निम्म्या चढावर कातळात कोरलेल्या गुहा, पाण्याचे टाके व गणेशाचे लहान मंदिर लागते. दम खाण्यासाठी सर्वांत चांगली जागा हीच. येथून थोड्याच अंतरावर गणेश दरवाजा आहे. आंबवणे गावाकडूनही एक वाट गडावर चढते, परंतु ती तुलनेने अवघड असल्याने नवख्यांनी पेठ शहापूरचीच वाट धरावी.

गडमाथा

गडमाथा विस्तीर्ण व सपाट आहे. दख्खनच्या पठारावरील लाव्ह्याचे थर आडवे साचले, त्यांच्या कडा झिजून ताशीव कडे उरले आणि वर पठारासारखा माथा शिल्लक राहिला. सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांची घडण अशीच आहे. कोरीगडाचे वैशिष्ट्य असे की या माथ्याच्या संपूर्ण कडेने बांधलेला तट आजही बहुतांशी अभंग आहे. तटाच्या कडेने गडाची पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. पुणे परिसरातील फार थोड्या किल्ल्यांवर हा अनुभव मिळतो आणि केवळ तेवढ्यासाठीही ही चढण सार्थकी लागते.

माथ्यावर दोन तळी आहेत. गडदेवता कोराईदेवीच्या मंदिरात देवीची शस्त्रधारी मूर्ती आहे. देवीचे दागिने इंग्रजांनी नेले व पुढे ते मुंबईच्या मुंबादेवीला अर्पण झाले, अशी परंपरागत कथा सांगितली जाते. गडावर सहा तोफा असून त्यांपैकी सर्वांत मोठी ‘लक्ष्मी’ तोफ मंदिराजवळ आहे.

स्वच्छ हवेत माथ्यावरून तुंग, तिकोना, घनगड आणि तैलबैलाच्या जुळ्या भिंती दिसतात. पायथ्याशी मात्र दृष्टीस पडते ती ॲम्बी व्हॅली ही खाजगी वसाहत: तिचे कृत्रिम तळे, बंगले, धावपट्टी. एका बाजूस शेकडो वर्षांचा तट व दुसऱ्या बाजूस हे आखीव नगर, हा विरोधाभास कोणाही प्रवाशाच्या नजरेतून सुटत नाही.

दूरवर चमकणारा मुळशी जलाशय हा देखाव्याचा सुंदर भाग असला, तरी त्याच्या तळाशी शेतजमिनी आणि वस्त्या गेलेल्या आहेत. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी होणाऱ्या या धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभला. त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट पुढे ‘सेनापती’ म्हणून ओळखले गेले. लढा तीन वर्षे चालला, तरी धरण झालेच. जलाशयाचे पाणी घाटाखाली भिरा येथील वीजगृहात नेले जाते.

इतिहास

पंधराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला निजामशाहीकडे आला. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना या किल्ल्यांबरोबर तो स्वराज्यात आणला.

किल्ल्याची निर्णायक लढाई १८१८ साली झाली. खडकीच्या लढाईनंतर दुसरा बाजीराव पुणे सोडून गेला होता आणि इंग्रज फौजा एकेक डोंगरी किल्ला घेत चालल्या होत्या. ११ मार्च १८१८ रोजी कर्नल प्रॉथरने कोरीगडाला वेढा दिला. गडावरील शिबंदीने तीन दिवस प्रतिकार केला. १४ मार्च रोजी तोफेचा एक गोळा दारूकोठारावर पडला, मोठा स्फोट झाला आणि किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. उंच कडा आणि अभंग तट खालून चढणाऱ्या शत्रूला रोखण्यास पुरेसे होते. वरून कोसळणाऱ्या गोळ्यांपुढे मात्र सपाट, उघड्या माथ्यावर आडोसा नव्हता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात याच प्रॉथरने रायगडही घेतला.

ऋतू आणि धोके

पावसाळ्यात ही वाट सर्वाधिक गजबजते. जून ते सप्टेंबर या काळात पायऱ्यांवरून पाण्याचा ओहोळ वाहतो, माथा धुक्यात बुडतो आणि तटाजवळ उभे राहणेही वाऱ्यामुळे कठीण होते. वाट सोपी आहे हा लौकिक येथेच घात करतो. पायऱ्या अरुंद असल्याने सुट्टीच्या दिवशी चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात. ओल्या, शेवाळलेल्या दगडावर अशा वेळी पुढच्याला ढकलणे किंवा छायाचित्रासाठी कडेला सरकणे जीवावर बेतू शकते. गर्दी दिसल्यास खाली थांबावे, तसेच धुक्यात तटाच्या कडेने फिरू नये.

शरद ऋतूचा आरंभ हा भ्रमंतीचा उत्तम काळ आहे. पाऊस ओसरताच माथ्यावर सोनकी व तेरडा फुलतो आणि दूरचे किल्ले स्पष्ट दिसू लागतात. हिवाळ्यातही वाट सुखद असते. उन्हाळ्यात माथ्यावर सावली जवळजवळ नाही, म्हणून पहाटेच चढाई करून उन्हापूर्वी उतरणे योग्य. तळ्यांचे पाणी पिण्यास घेऊ नये. प्रत्येकाने निदान दोन लिटर पाणी सोबत न्यावे. कड्यांच्या कपारीत मधमाश्यांची पोळी असू शकतात, त्यामुळे गडावर धूर अथवा गोंगाट करू नये.

तटावर चढून चालल्याने त्याचे दगड सैल होतात. प्रदक्षिणा तटाच्या आतील पायवाटेवरूनच करावी.