तांबेऱ्याच्या परीक्षेतील खपली

आमच्या सीमाभागात एकाच गव्हाला मराठी घरात खपली म्हणतात, तर कानडी घरात जवे गोधी. मराठी घरची खीर ती कानडी घरची हुग्गी. गहू मात्र तोच. मळणीनंतरही याच्या दाण्याचे टरफल सुटत नाही, ते कांडून काढावे लागते. आजी होती तोवर आमच्याकडे खपली कांडली जाई. पुढे ‘एवढे कष्ट कोण करणार?’ असे म्हणत आम्ही ती सोडली.

पुष्कळ वर्षांनी तांबेरा रोगाविषयी वाचत असता एका अमेरिकन यादीत ‘खपली’ हे नाव दिसले आणि मी थबकलो.

तांबेरा ही बुरशी वाऱ्यावर पसरते. १९४६-४७ च्या हंगामात तिने मध्य भारतातील गव्हाचे अतोनात नुकसान केले. आपल्या मैदानी मुलखात ती उन्हाळ्यात तग धरत नाही. डोंगराळ भागातील गव्हावर टिकून राहते आणि तेथून पुन्हा खाली उतरते, हे आग्र्याचे प्रा. करमचंद मेहता यांनी दाखवून दिले.

या बुरशीचे अनेक वंश असतात. एका वंशाला दाद न देणारा गहू दुसऱ्यापुढे हार खातो. हे वंश ओळखण्यासाठी मिनेसोटातील स्टॅकमन व लेव्हिन यांनी १९२२ मध्ये गव्हाचे बारा वाण ठरवले. कुंडीतल्या कोवळ्या रोपांवर बुरशीचे बीजाणू टाकायचे, रोपे रात्रभर दमट हवेत ठेवायची आणि सुमारे दोन आठवड्यांनी पानांवरचे फोड पाहून ० ते ४ असे गुण द्यायचे. येथे शून्य मिळवणारा सर्वांत हुशार! त्या बारांतील एक वाण म्हणजे खपली, आणि बहुतेक वंशांपुढे ती टिकणारी. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीच्या संकरातून ‘खपस्टीन’ हा गहू तयार केला.

१९९८-९९ मध्ये युगांडात तांबेऱ्याचा नवा वंश सापडला. जगातील अनेक गहू त्याला बळी पडले; पण खपलीकडून आलेले एसआर-१३ हे जनुक त्याच्याविरुद्ध उपयोगी ठरले.

चाळीस मुलांच्या वर्गात मागे बसणाऱ्या अबोल मुलाला आम्ही शिक्षक अनेकदा ओळखत नाही. खपलीचेही तसेच झाले. परक्यांनी तिचे नाव न बदलता तिला परीक्षक नेमले आणि आम्ही कांडण्याच्या कंटाळ्याने तिला घराबाहेर काढले. वाण एकदा नाहीसा झाला की त्याचे गुण कोठून आणणार? परीक्षा तर दरवर्षी नवी असते.

यंदा दिवाळीला मी खपली आणली आहे. खीर म्हणा की हुग्गी, कांडायला मी बसणार आहे.