बुर्जी, गँबिट आणि एक घर चालणारे प्यादे

झरी जामणीला एका दुपारी पारावर चाललेला बुद्धिबळाचा डाव पाहत आम्ही बसलो होतो. एका बाजूला म्हातारे आबाजी, दुसऱ्या बाजूला नातवाच्या वयाचा शाळकरी पोरगा. पोराने आबाजींचे मोहरे एकामागून एक टिपले आणि अखेरचे प्यादेही मोठ्या झोकात उचलले. राजा तेवढा उरला. आबाजी शांतपणे पट आवरू लागले. "झाली बुर्जी, बापू. डाव बराबर." पोरगा बावचळला. शाळेतल्या नियमांप्रमाणे तो जिंकतच आला होता.

दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत होते. आपल्याकडील जुन्या खेळात प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला की बुर्जी होई, म्हणजे बरोबरी. याचा अर्थ असा की सारे काही मारून घेण्याची हाव खेळणाऱ्याच्याच अंगाशी येई. मात करायची तर शत्रूचे एखादे मोहरे जिवंत ठेवूनच ती करावी लागे. त्यातही सर्वांत मानाची ती प्यादेमात. प्याद्याने राजाला कोंडावे म्हणून वजीर-हत्तींसारखे भारी मोहरे डोळे मिटून देऊन टाकण्यात रसिकांना गोडी वाटे. (पानिपतानंतरच्या त्या प्रसिद्ध सांकेतिक निरोपात हरवल्या त्या मोहरा नाण्यांच्या; पटावरचा मोहरा वेगळा. वर्गात हा घोटाळा आम्ही अनेकदा ऐकला आहे.)

बलिदानाची हौस आपल्याकडे होती, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की ती डावाच्या शेवटी का फुलली, आरंभी का नाही? युरोपात नेमके उलट घडले. स्पेनचा पाद्री रुय लोपेझ याने १५६१ च्या आपल्या ग्रंथात ‘गँबिट’ हा शब्द बुद्धिबळात रूढ केला. त्याचे मूळ इटालियन, अर्थ पायात पाय घालून पाडणे. आपल्या आखाड्यातली टांगच म्हणा ना. किंग्ज गँबिटमध्ये पांढरा दुसऱ्याच खेळीला राजाच्या उंटापुढील प्यादे पुढे सरकवून देऊ करतो. काळ्याने ते घेतले की मध्यावरची त्याची पकड सैल होते आणि पांढऱ्या हत्तीला पुढे उघडी वाट मिळू शकते. म्युझिओ गँबिट त्याहून बेफाम: तेथे पाचव्या खेळीला पांढरा किल्लेकोट करतो आणि अख्खा घोडा मारायला सोडून देतो.

आमच्या मते उत्तर शौर्याच्या कमी-अधिकपणात नसून प्याद्याच्या पावलात आहे. जुन्या देशी खेळात प्यादे सामान्यतः पहिल्या चालीलाही एकच घर जाई. प्रांताप्रांतांत अपवाद होते, ते असोत. राजापुढचे आणि उंटापुढचे अशी दोन प्यादी चौथ्या ओळीत आणायची तर चार खेळ्या हव्यात. तोवर प्रतिपक्ष आपली फळी रचून मोकळा होणार. अचानक टांग मारावी एवढी जवळीक पटावर सुरुवातीस नसेच. म्हणून बलिदान मागे सरकले.

या दोन रीती एकमेकींना भेटल्या त्या पेशवाईच्या संध्याकाळी. दुसऱ्या बाजीरावाच्या पुणे दरबाराशी निगडित असलेले त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत रचनेवरून तयार झालेले इंग्रजी पुस्तक १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. युरोपीय पद्धतीला जुळवून घेतल्याचे त्याच्या नावातच नमूद आहे. तरीही भर मुख्यतः पेचाच्या स्थितींवर, म्हणजे पट अर्धा रिकामा झाल्यानंतरच्या खेळावर. नियम परके झाले, पण दृष्टी देशीच राहिली. पंधरा वर्षांनी, १८२९ मध्ये, मद्रासेत गुलाम कासीम आणि जेम्स कॉक्रेन यांनी म्युझिओ गँबिटचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पाचव्या खेळीला किल्लेकोट न करता वजिरापुढील प्यादे दोन घरे टाकण्याची चाल आजही गुलाम कासीम यांच्या नावाने ओळखली जाते. घोडा मात्र तेथेही मारायला सोडलेलाच.

येथपर्यंतची हकिगत ‘साहेबाने शिकवले, आपण शिकलो’ अशी सांगता येते, आणि तशी ती सांगितलीही जाते. ती अपुरी आहे. जेम्सहून निराळा असा एक जॉन कॉक्रेन कलकत्त्यात बॅरिस्टर होता. आक्रमक खेळाबद्दल त्याची ख्याती होती. त्याचा नेहमीचा प्रतिस्पर्धी महेशचंद्र बॅनर्जी, देशी रीतीत मुरलेला. १८४८ मध्ये त्याच्याविरुद्ध कॉक्रेनने चौथ्याच खेळीला राजाशेजारचे प्यादे मारून घोडा दिला. त्या प्रकाराला कॉक्रेन गँबिट हे नाव मिळाले. महेशचंद्र मात्र अनेक डावांत आपली प्यादी एकेकच घर चालवी, उंट कोपऱ्याकडच्या घरात दडवून ठेवी, मध्य शत्रूला घेऊ देई आणि मग तोच मध्य पोखरी. एकूण हिशेबात कॉक्रेन वरचढ राहिला. परंतु पुढे विसाव्या शतकात ज्या रचनांनी सुरुवातीच्या खेळाचे शास्त्र पालटले, त्यांना ‘इंडियन’ हे नाव पडले ते महेशचंद्राच्या या खेळावरून. एक घर चालण्याची जुनी सवय पराभूत होऊन संपली नाही. ती नाव बदलून जगभर खेळली गेली.

मधल्या काळात युरोपाने बलिदानाचा कळस पाहिला. १८५१ साली लंडनमध्ये आंडरसेनने कीझेरित्स्कीविरुद्ध किंग्ज गँबिट खेळून एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन मात केली. तो डाव आम्ही पुन्हा पुन्हा मांडतो. आणि दर वेळी एक खोडसाळ शंका मनात येते: आबाजींनी तो पाहिला असता तर वजिराच्या बलिदानावर मान डोलावली असती, आणि लगेच विचारले असते, शेवटची मात प्याद्याने का नाही? ती तर उंटाने झाली.

पारावरचा पोरगा त्या दिवशी बुर्जी मानायला तयार झाला नाही. पट पुन्हा मांडला गेला. "प्यादं एक घर का दोन?" आबाजींनी विचारले. "दोन," तो म्हणाला. आबाजींनी आपले एकच घर सरकवले.