तुटायच्या आधीची तार

1813. लंडन, बकिंगहॅम स्ट्रीट. आवाज करू नका. विल्यम हाइड वोलास्टन आपल्या प्रयोगशाळेत मित्रांनाही पाऊल ठेवू देत नाहीत, आणि तुम्ही तर बिनबोलावता आलात. चांदीच्या कांडीच्या पोटात प्लॅटिनमची तार घालून ते ती भोकांतून ओढताहेत; प्रत्येक भोक आधीच्यापेक्षा लहान. चांदीबरोबर आतली तारही बारीक होत जाते. मग सगळं नायट्रिक ॲसिडमध्ये. चांदी विरघळते, प्लॅटिनमला ढिम्म काही होत नाही. उरते इंचाच्या 30 हजाराव्या भागाएवढी तार, म्हणजे सुमारे 850 नॅनोमीटर. आजच्या हिशेबाने जाडच म्हणायची.

चला, 185 वर्षं पुढे. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. ओनिशी, कोंडो आणि ताकायानागी यांच्या मागे उभे राहा, कशालाही धक्का लावू नका. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या निर्वात पोटात सोन्याचं टोक सोन्याला टेकवलंय आणि आता ते अलगद मागे घेतलं जातंय. मधला पूल रोडावतोय, अणूंच्या ओळी एकेक करून गळताहेत.

आता आकड्याकडे बघा. शाळेत शिकलात ते आठवा: तार बारीक होत गेली की रोध हळूहळू वाढतो. इथे तो पायऱ्या चढतोय. दोन ओळी उरल्या तेव्हा साधारण 6,450 ओहम. एक गळाली आणि थेट 12,900. एवढ्या अरुंद वाटेतून इलेक्ट्रॉनची लहर एकाच प्रकारे जाऊ शकते, आणि त्या वाटेची वाहकता ठरते ती इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि प्लांकचा स्थिरांक या दोनच गोष्टींवर.

पायऱ्या आधीही मोजल्या गेल्या होत्या. पण त्या क्षणी तार दिसते कशी, हे मोजणाऱ्याला कळत नव्हतं. चित्र आणि आकडा एकाच वेळी हाती आले, खरी करामत मला तरी तीच वाटते.

जरा वाका. दोन टोकांमध्ये टांगलेले चार अणू. एरवी सोन्यात शेजारचे अणू 0.29 नॅनोमीटरवर असतात; इथे 0.35 ते 0.40, तरी साखळी शाबूत! मधे हलके अणू लपलेत का, यावर पुढे भरपूर वाद होणार आहेत. तुम्ही आत्ताच तोंड उघडू नका.

तुटली. प्रवाह शून्य. टोक पुन्हा टेकवलं जातं.

तिकडे नेदरलँड्समधल्या लायडनला दुसरा गट उणे 269 अंशांच्या थंडीत अशीच साखळी ओढतोय, काहीही न पाहता, फक्त ती किती लांबते ते मोजत. दोघांचे लेख 'नेचर'च्या 22 ऑक्टोबर 1998 च्या अंकात येतील, एकापाठोपाठ एक.