डॉक्टर नसलेले सर्जन

मूल आडवे आले, किंवा आईच्या कटिभागातून त्याचे डोके उतरेना, की बाळंतीण अडते. सुईणीचे कौशल्य इथे अपुरे पडते. पोट उघडून मूल बाहेर काढावे लागते. उशीर झाला तर गर्भाशय फाटून आई आणि मूल दोघेही दगावू शकतात. पण जवळपास डॉक्टरच नसेल तर? आफ्रिकेतील मोझांबिक देशाने या प्रश्नाचे जे उत्तर काढले, ते आपण पाहू.

१९६१ मध्ये गोवा सोडावा लागलेल्या पोर्तुगीजांची मोझांबिकमधील सत्ता १९७५ मध्ये संपली. त्यांच्याबरोबर बहुतेक डॉक्टरही देश सोडून गेले. १९७७ पासून यादवी युद्ध पेटले. नवे सर्जन तयार व्हायला दहाबारा वर्षे लागतात. तोवर बाळंतिणी थांबणार कशा?

१९८४ मध्ये सरकारने अनुभवी परिचारक व आरोग्य-सहायक निवडून तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. दोन वर्षे राजधानी मापुतोच्या मध्यवर्ती रुग्णालयात शिक्षण, एक वर्ष प्रांतिक रुग्णालयात प्रत्यक्ष काम. या लोकांना 'शस्त्रक्रिया-तंत्रज्ञ' म्हणतात. सिझेरियनखेरीज इतरही तातडीच्या शस्त्रक्रिया ते करतात.

हे सुरक्षित आहे का, अशी शंका आपल्या मनात येणारच. ती त्यांच्याही मनात आली. म्हणून त्यांनी मोजून पाहिले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मापुतोतील २,०७१ सिझेरियन तपासली. ९५८ तंत्रज्ञांनी केलेली, १,११३ तज्ज्ञ डॉक्टरांनी. निष्पत्तीत महत्त्वाचा फरक आढळला नाही. पुढे २०११ मध्ये अनेक देशांतील सहा अभ्यास एकत्र करून सुमारे १६,००० स्त्रियांची माहिती पडताळली. माता व अर्भकांच्या मृत्यूंत ठळक फरक नव्हता. मात्र डॉक्टर नसलेल्यांच्या हातून जखम चिघळणे आणि टाके उसवणे अधिक होते. या अभ्यासांत स्त्रियांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. अवघड बाळंतपणे कोणाकडे जास्त गेली, यावरही आकडे बदलू शकतात, हे आपण ध्यानात ठेवायला हवे.

तरी एक आकडा फार बोलका आहे. २००२ मध्ये मोझांबिकच्या ग्रामीण रुग्णालयांतील प्रसूतीसंबंधी मोठ्या शस्त्रक्रियांपैकी ९२ टक्के या तंत्रज्ञांनी केल्या. जिल्ह्याच्या ठिकाणी नेमलेल्यांपैकी ८८ टक्के तंत्रज्ञ सात वर्षांनंतरही तिथेच होते. पाहणीतल्या तुकड्यांमधला डॉक्टर मात्र एकही उरला नव्हता.

म्हणजे खेड्यातल्या अडलेल्या बाईसमोर तंत्रज्ञ की तज्ज्ञ, अशी निवड बहुधा नव्हतीच. तंत्रज्ञ किंवा कोणीच नाही, एवढीच होती. तुलना करताना ती नेमकी कशाशी करायची, हे आधी ठरवावे लागते. वर्गात आकडेवारी शिकवताना हे उदाहरण मुलांपुढे जरूर ठेवावे.